डब्यातला काला



पहाटेचा काकडा आटोपून देवळातून घरी येते, तोवर सहा वाजून गेलेले असतात. सातला नातीची शाळेची गाडी दारात उभी राहते. सूनबाई परिचारिका आहे. तिची पाळी सकाळची असली की नातीचा डबा माझ्याकडे. देवाला नैवेद्य दाखवताना माझी कधी धांदल झाली नाही. या डब्याने मात्र अनेकदा तारांबळ उडवली आणि एकदा तर चांगलेच डोळे उघडले. ती गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवते. तुमच्याही घरात शाळेत जाणारे लेकरू असेल, तुम्हीही गळ्यात माळ घातलेली असेल, तर ही गोष्ट माझ्या एकटीची नाही.

तुम्ही म्हणाल, परमार्थाच्या मासिकात डब्याचे काय काम? पण माउली, आपला संप्रदाय प्रपंच टाकून रानात जा असे सांगत नाही. आपल्या संतांनी कपडे शिवले, मळा केला, मडकी घडवली, दळण दळले आणि त्यातच देव पाहिला. मग ज्या हाताने टाळ धरतो त्याच हाताने भरलेला डबा परमार्थाबाहेर कसा राहील?

डब्यापाशी दोन प्रश्न उभे राहतात. पहिला सोपा वाटतो: लेकराला आवडेल ते द्यावे, की त्याच्या हिताचे असेल ते? दुसरा अवघड आहे: एकदा भरून दिल्यावर तो डबा कुणाचा?

पहिला प्रश्न जुनाच आहे. कठोपनिषदात यमाने नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगितला. हिताचे ते श्रेय, गोड लागणारे ते प्रेय. शहाण्याने श्रेय निवडावे. नचिकेत वयाने पोरच होता, पण यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहण्याची त्याची तयारी होती. आपली लेकरे नचिकेत नाहीत. मधल्या सुट्टीची घंटा होते, वीस-पंचवीस मिनिटे हातात असतात, त्यातच पाणी प्यायचे, खेळायचे आणि जेवायचे. तिथे पोराला उपनिषद सांगून पालक जात नाही.

पण आपल्या संतांनी या प्रश्नाचे उत्तर करून दाखवले आहे. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला तेव्हा श्रेय तेच राहिले, फक्त ते आपल्या तोंडाला रुचेल असे केले. कीर्तनकार तरी काय करतात? वेदान्त अवघड असतो, म्हणून मृदंगाची साथ घेतात, मध्ये एखादा दृष्टान्त देतात, हसवतात, आणि हसता हसता कडू औषध पोटात जाते. संतांनी श्रेयाला प्रेयाची गोडी लावली. डबा भरणाऱ्या आईचे कामही नेमके हेच आहे. चव वाईट म्हणून पौष्टिक पदार्थ परत आला, तर तो पौष्टिक ठरला कुणासाठी? आणि आवडते म्हणून रोज पुडीतले तळलेले, खारट, मैद्याचे दिले, तर ती माया की आपला आळस?

सूनबाईने मला यातल्या काही गोष्टी शिकवल्या, काही मी तिला शिकवल्या. सांगण्यासारख्या आहेत म्हणून सांगते. धान्य आणि डाळ एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या भाजणीत हे आपोआप घडते: ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे वेगवेगळे भाजून दळले, त्यात कांदा-कोथिंबीर घालून लहान, बशीएवढे थालीपीठ लावले की पोर आवडीने खाते. मोठे थालीपीठ दुमडून कोंबले तर त्याचा लगदा होतो. मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ दिली तर त्यावर लिंबू पिळावे. लिंबामुळे कडधान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. लिंबू नसेल तर पेरूच्या दोन फोडी ठेवाव्यात. ‘क’ जीवनसत्त्व पेरूत संत्र्याहूनही जास्त असते. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. नाचणीचा काळा रंग मुलांना नको वाटतो, म्हणून मी गूळ-तूप घालून तिचे छोटे लाडू वळते. मेथी कणकेत मळली की हिरवी पुरी होते, बीट किसून घातले की गुलाबी पोळी होते. पण हे लपवून करू नये. ‘यात बीट आहे, म्हणून गुलाबी झाली’ असे सांगावे. फसवून भरवलेले एक दिवस जाते. सांगून भरवलेले सवय लावते.

आणखी एक. पोळी गरम असताना झाकण लावू नये, वाफ धरून ती ओली होते आणि साडेदहाला तिला वास येतो. चैत्र-वैशाखात ओल्या खोबऱ्याची चटणी डब्यात देऊ नये. त्यापेक्षा दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी आणि शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी बरी. आपले वाडवडील वारीच्या शिदोरीत दशमी बांधत, ते उगीच नव्हे. ती मऊ राहते आणि टिकते. शिवाय पोराच्या भुकेएवढेच भरावे. आपली माया डब्याच्या काठापर्यंत येते, पण लेकराचे पोट लहान असते. अन्न टाकून देण्याची सवय पुष्कळदा आपणच लावतो.

डबा परत आला की आपण काय करतो? ‘का नाही खाल्लंस? तुला किंमतच नाही!’ असे पोराला बोलतो. अशा वेळी मला लहानगे नामदेवराय आठवतात. वडील गावाला गेलेले, आई नैवेद्याचे ताट देऊन देवळात पाठवते. नामदेव देवापुढे ताट ठेवतात आणि वाट पाहतात. देव जेवत नाही. नामदेव देवाला नावे ठेवत नाहीत. माझे काही चुकले का, माझ्या हातचे का घेत नाहीस, म्हणून रडू लागतात. शेवटी देवाला जेवावे लागले. माउली, डबा परत आला तर पहिला प्रश्न आपण स्वतःला विचारावा. भाजी खारट झाली होती का? पोळी वातड होती का? की जेवताना तिथे दुसरेच काही घडले?

माझ्या बाबतीत दुसरेच घडले होते, आणि ते मीच घडवले होते.

नात तिसरीत आहे. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या बाकावर एक नवा मुलगा बसू लागला. दोघांची गट्टी जमली. एके दिवशी घरी येऊन ती सहज म्हणाली, ‘आजी, त्याच्या डब्यात उकडलेलं अंडं असतं. पिवळा गोळा आतून निघतो, भारी दिसतो.’ माझा हात एकदम गळ्यातल्या माळेकडे गेला. आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. मी विचार न करता बोलून गेले, ‘उद्यापासून त्याच्याजवळ बसायचं नाही. त्याच्या डब्याला हात लावायचा नाही, आपला त्याला द्यायचा नाही.’ पोर ‘बरं’ म्हणाली. ती गुणी आहे. गुणी लेकरांचे हेच भय असते, माउली. आपण चुकीचे सांगितले तरी ती ऐकतात.

त्यानंतर डबा अर्धा परत येऊ लागला. मी पदार्थ बदलले. घावन केले, शिरा केला, दडपे पोहे केले. तरी अर्धाच. सूनबाई म्हणाली, हवा बदलली असेल. मी जंताचे औषध आणा म्हणाले. आठ-दहा दिवस गेले. शेवटी सूनबाईने जवळ घेऊन विचारले तेव्हा पोर म्हणाली, ‘मी खिडकीजवळ एकटी बसते. एकटीला जेवण जात नाही.’ आणि पुढे म्हणाली, ‘मी त्याला सांगितलं, आजी म्हणते तुझ्याजवळ बसू नको.’

सूनबाई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्याच आठवड्यात आमच्या गावी अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता होती. आम्ही सगळे गेलो. काल्याचे कीर्तन तुम्ही कितीदा तरी ऐकले असेल. मीही लहानपणापासून ऐकत आले. गोपाळ गाई घेऊन रानात जातात. प्रत्येकाची शिदोरी वेगळी. कुणाकडे दहीभात, कुणाकडे शिळी भाकरी, लंगड्या पेंद्याच्या फडक्यात तर काय असेल ते असेल. यमुनेच्या काठी सगळ्यांच्या शिदोऱ्या सोडल्या जातात आणि देव त्या एकत्र कालवतो. मग स्वतःच्या हाताने एकेकाच्या मुखात घास घालतो, त्यांच्या हातचा घास आपण घेतो. भागवताच्या दहाव्या स्कंधात हे वनभोजन आले आहे. ते पाहून प्रत्यक्ष ब्रह्मदेव गोंधळात पडला, की पोरांमध्ये बसून उष्टे खाणारा हा परमात्मा कसा? आमचे बुवा त्या दिवशी रंगात आले होते. काल्याचा एखादा कण मिळावा म्हणून देव मासे होऊन यमुनेत आले, आणि कृष्णाने गोपाळांना पाण्यात हात धुऊ नका, घोंगडीला पुसा असे सांगितले, हा प्रसंग त्यांनी असा रंगवला की मंडप हसून लोटपोट झाला. मीही हसले.

हंडी फुटली, काला वाटला. लाह्या, पोहे, दही, लोणच्याचा खार, डाळिंबाचे दाणे. नातीने एकदा हात पुढे केला, खाल्ले, पुन्हा केला आणि तो दुसरा घास मुठीत धरून ठेवला. मी म्हटले, ‘खा की.’ ती म्हणाली, ‘त्याला नेते. पण आजी, आपण त्याचं खात नाही, मग तो आपलं खाईल का?’

माउली, पन्नास वर्षे मी काल्याचे कीर्तन ऐकते आहे. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

तुम्ही माझ्या बाजूने बोलाल, हे मला ठाऊक आहे. मीही रात्रभर स्वतःची वकिली केली. माळ घातली की मांसमच्छर वर्ज्य. हे व्रत आहे आणि व्रत पाळायचेच. लेकराला लहानपणीच वळण लावायला नको का? एकत्र बसली तर पोर खाऊन बसेल, मग? हे म्हणणे खोटे नाही. व्रत सैल करा असे मी आजही म्हणणार नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आले, की मी पोरीला व्रत शिकवलेच नव्हते. व्रत शिकवायचे असते तर ‘आपण अंडे खात नाही, कारण आपण देवाला तसा शब्द दिला आहे’ असे म्हटले असते. ते वाक्य तिच्या तोंडापुरते होते. मी म्हटले, ‘त्याच्याजवळ बसू नकोस.’ हे वाक्य तिच्या तोंडाविषयी नाही, ते त्या मुलाविषयी आहे. माळ आपल्या गळ्यात असते ती आपल्या जिभेला आवर घालायला. मी तिचे कुंपण केले आणि एका आठ वर्षांच्या लेकराला कुंपणाबाहेर ठेवले.

संयम आणि तिरस्कार बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हीत माणूस हात मागे घेतो. फरक एवढाच, की संयमात हात अन्नावरून मागे येतो आणि तिरस्कारात माणसावरून. हा भेद ज्याला कळला नाही, त्याचे व्रत कधी सोवळेपणाच्या अहंकारात बदलते ते त्यालाही कळत नाही. आणि या अहंकाराने आपल्याच संतांना किती छळले! चोखोबांना मंदिराच्या दाराबाहेर उभे केले ते याच अहंकाराने. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक महाराचे पोर रडत होते, नाथांनी ते कडेवर उचलून घरी पोचवले. उचलताना त्याच्या घरी काय शिजते, हे नाथांनी विचारले नाही. नाथ त्यामुळे बाटले नाहीत. मी मात्र नुसत्या बाकावरच्या शेजाराने बाटण्याची भीती घेतली.

शाळेतल्या जेवणाचा वाद आपल्याकडे तसा नवा नाही. देशात शालेय पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याने आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळी देण्याचे ठरवले, तेव्हा आपल्यातही बरीच चर्चा झाली. त्या वादात कोण बरोबर हे मला इथे सांगायचे नाही. मला त्या योजनेतली एकच गोष्ट दाखवायची आहे: गावोगावच्या शाळांत सगळ्या जातींची, सगळ्या घरांची लेकरे एका पातेल्यातली खिचडी एका ओळीत बसून खातात. अशी पंगत मोडू नये म्हणून संतांनी आयुष्ये वेचली. आपल्या लेकरांना ती आयती मिळाली आहे. डब्याच्या शाळेतही ती पंगतच असते, फक्त पातेली वेगवेगळी असतात.

दुसऱ्या दिवशी मी नातीला समोर बसवले आणि सांगितले, ‘आजी चुकली. तू त्याच्याजवळच बस. अंडं आपण खात नाही, तो आपला नेम आहे. ते खाणारा वाईट असतो असा त्याचा अर्थ नाही. तुझ्या डब्यातलं त्याला द्यायचं. त्याच्या डब्यातलं काय घ्यायचं, ते तुला कळतंच.’ ती म्हणाली, ‘भात घेतला तर चालेल?’ मी म्हटले, ‘भात चालेल.’ हे म्हणताना मला थोडे जड गेले, ते तुमच्यापासून लपवत नाही.

तेव्हापासून मी दशम्या दोन जास्त करते आणि त्यांचे लहान तुकडे करून ठेवते. शेंगदाण्याचे लाडूही लिंबाएवढेच वळते, म्हणजे संख्या वाढते. डबा आता रिकामा येतो, कधी कधी घासल्यासारखा. अंड्याचे त्या दोघांनी आपसातच ठरवून टाकले. ज्या दिवशी तो अंडे आणतो, त्या दिवशी ते आधी खातो, नळावर हात धुऊन येतो आणि मग दोघे डबे सोडतात. हे त्याला कुणी सांगितले नाही. आम्ही मोठी माणसे ज्यावर शास्त्रार्थ करत बसलो असतो, ते त्या दोन पोरांनी मधल्या सुट्टीत मिटवले.

तुम्ही म्हणाल, गोष्ट गोड झाली. पूर्ण गोड नाही झाली. गेल्या महिन्यात पालकसभेला मी गेले होते. दारात तो मुलगा आईबरोबर उभा होता. नातीने ‘ही माझी आजी’ म्हणून ओळख करून दिली, आणि तो पटकन आईच्या पदराआड गेला. त्याच्या ध्यानात होते. त्याची आई हसून म्हणाली, ‘लाजतो तो.’ तो लाजत नव्हता, माउली. वारीत अनोळखी माणूस समोर आला तरी आपण वाकून त्याच्या पायाला हात लावतो, ‘माउली’ म्हणतो. यवतला पिठलं-भाकरीच्या पंगतीला शेजारी कोण बसले, हे मी कधी विचारले नाही. पण शाळेच्या दारात, आठ वर्षांच्या लेकरापुढे, माझे हात जोडले गेले नाहीत. ‘बाळा, चुकलं माझं’ हे तीन शब्द तोंडातच राहिले. वाळवंटातला समभाव दाराशी आला की एवढा का अवघडतो, हा प्रश्न मी अजून चघळते आहे.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. उद्या सकाळी डबा भराल तेव्हा तो चांगला भरा. त्यात धान्य असू द्या, डाळ असू द्या, हंगामाचे फळ असू द्या, आणि दिसायलाही तो असा असू द्या की झाकण उघडताच लेकराचा चेहरा फुलावा. देवाचा नैवेद्य आपण तुळशीपत्र ठेवून सजवतो, मग लेकराचा का नाही? आणि त्यात एक घास जास्तीचा ठेवा, शेजारच्यासाठी. पण डबा हातात देताना जे बोलतो तेही अन्नच असते, हे विसरू नका. ‘कुणाला देऊ नकोस’, ‘त्याच्याजवळ बसू नकोस’ ही वाक्येही लेकरू डब्याबरोबर शाळेत नेते आणि तिथे वाटते. माझ्या नातीने माझे वाक्य असेच वाटले होते.

डबा कुणाचा, हा दुसरा प्रश्न मी सुरुवातीला टाकला होता. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, मगच पालख्या परतीच्या वाटेला लागतात. इतके दिवस चालून, दर्शन घेऊनही काल्यावाचून वारी संपत नाही. भरणारीचे काम डबा भरण्यापुरते. झाकण लागले की तो शिदोरी होतो, आणि शिदोरी कालवण्यासाठीच असते.

पुढच्या पालकसभेला मी पुन्हा जाणार आहे. पिशवीत दशम्या असतील. या वेळी तोंड उघडावे, एवढेच पांडुरंगाकडे मागणे आहे.

राम कृष्ण हरी!